वेखंडाचं नाव घेणारी सून

एका गावाच्या खालच्या अंगाला एक पाणथळ होती, आणि त्याच गावात एक सून होती. एरवी कामाला वाघ, बोलायला मोजकी. पण पटलं नाही की गप्प बसणं तिला जमत नसे.

तिचे सासरे गावाचे वैद्य. तान्ह्या बाळानं पाय पोटाशी घेऊन टाहो फोडला, की आया वैद्यबाबांच्या दारात. बाबा आतून कडी लावून घेत, सहाणेवर काहीतरी उगाळत आणि वाटीत लेप आणून देत. तो बेंबीभोवती लावला की घटकाभरात बाळ शांत. सर्दीला, बसलेल्या घशालाही तेच औषध. ते कशाचं, हे मात्र कुणी विचारायचं नाही. नाव उघड केलं की औषधाचा गुण जातो, असं बाबांच्या गुरूंनी त्यांना बजावलं होतं. बाबांनी ते एकट्या सुनेला सांगितलं, कारण गुडघ्यांपायी त्यांना आता चिखलात उतरवत नव्हतं. तेही देवापुढे शपथ घालून.

औषध होतं वेखंड. पाणथळीतल्या लव्हाळ्यात मिसळून वाढायचं, वरून पाहिलं तर निव्वळ गवत. गुण सगळा चिखलाखालच्या गाठाळ मुळात.

एक दिवस पाटलांनी चावडीवर गाव जमवलं. म्हणाले, "उद्याच पाणथळीचा बांध फोडू, पाणी ओढ्याला सोडू आणि तिथं भात लावू. नाहीतरी डास आणि गवत, दुसरं आहे काय तिथं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. गावातलं एकूण एक पोर त्या गवताच्या जिवावर वाढलं होतं, पण ते ठाऊक कुणाला? ज्यांना ठाऊक होतं, ते वैद्यबाबा मान खाली घालून धोतराच्या निऱ्या सारख्या करत बसले होते.

घरी आल्यावर सून म्हणाली, "मामंजी, उद्या बांध फुटेल. तुम्ही पाटलांना सांगा."

"गुरूंची आज्ञा आहे, सूनबाई. नाव घेतलं की गुण गेला."

"आणि वेखंडच गेलं तर?"

बाबा उठून सहाण धुवायला लागले. "तू मात्र शपथ मोडलीस, तर या घरात तुला जागा नाही," एवढंच म्हणाले.

सुनेला रात्रभर झोप लागली नाही. माहेर चार दिवसांच्या वाटेवर. घर सुटलं तर जायचं कुठे, याची भीती तिला वाटत होतीच. पण सकाळी कुदळींचे आवाज कानावर आले आणि तिनं पदर खोचला.

बांधावर गडी उभे होते, बघायला अर्धं गाव लोटलं होतं. सून कुणाला न विचारता चिखलात उतरली, एक गाठाळ मूळ उपटून वर आली आणि सगळ्यांसमोर तिनं ते मोडलं. उग्र वास सुटला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. आपल्या बाळाच्या पोटाचा वास कुठली आई विसरेल?

"हे वेखंड," सून खणखणीत आवाजात म्हणाली. "वैद्यबाबांचा लेप याचाच. आज बांध फुटला तर उद्या लेप नाही."

वैद्यबाबा रागारागानं पुढे आले. "संपलं. नाव घेतलंस ना? आता त्यात काही उरलं नाही."

"मग तर प्रश्नच मिटला," पाटील म्हणाले. "गुण नाही तर राखायचं कशाला? मारा रे कुदळी."

सून बांधावर आडवी उभी राहिली. "मामंजी, एक विचारते. नाव घेतल्यावर गुण जातो, की तुमचा मान जातो?"

असं सासऱ्याला भर गावात कुणी बोललं नव्हतं. बाबांचा चेहरा पडला. सुनेलाही आतून वाईट वाटलं, पण ती हलली नाही.

तेवढ्यात कुंभारीण गर्दीतून पुढे आली. कडेवरचं तान्हं पहाटेपासून रडत होतं. "ताई, लाव याला," ती म्हणाली. "नाव तर आता सगळ्यांनीच ऐकलंय."

"लावते. पाटील, याचं पोट दुखायचं थांबलं नाही, तर पहिली कुदळ मी मारीन."

तिनं तिथल्याच सपाट दगडावर मूळ उगाळलं आणि बाळाच्या बेंबीभोवती लेप लावला. पोर रडतच राहिलं. ऊन वर आलं. गडी कंटाळले, पाटील दोनदा खाकरले. आणि मग त्या एवढ्याशा जिवानं असा काही वारा सोडला, की मागच्या रांगेतल्या बहिऱ्या आजोबांनीही वळून पाहिलं. पोर आईच्या खांद्यावर मान टाकून झोपलं.

सगळं गाव हसत सुटलं. हसता हसता कुंभारीण बांधावर बसली. तिच्या शेजारी सुतारीण बसली, मग तेलीण, आणि बघता बघता बांध बायकांनी भरून गेला. "आता मारा कुदळी," कुंभारीण म्हणाली.

पाटलांनी गड्यांना खूण केली. गडी कुदळी खांद्यावर टाकून घरी गेले.

मग बायका पाणथळीत उतरल्या आणि दिसेल ते वेखंड उपटू लागल्या. वैद्यबाबा काठावर एकटेच उभे होते. थोडा वेळ त्यांनी पाहिलं, मग त्यांना राहवेना. दुखऱ्या गुडघ्यांनिशी ते चिखलात उतरले.

"असं ओरबाडू नका गं, पुढच्या वर्षी काय लावाल पोरांना?" ते ओरडले. "मूळ घ्या, पानांकडचा कोंब पुन्हा चिखलात खोचा. या इकडं, दाखवतो."

बायका त्यांच्याभोवती गोळा झाल्या. बाबांनी एक कोंब खोचून दाखवला आणि मान वर न करताच म्हणाले, "सूनबाई, मागच्यांना दिसत नाही. पलीकडं तू दाखव."

तात्पर्य: जे सगळ्यांच्या उपयोगाचं आहे ते लपवून ठेवलं, तर ते नष्ट व्हायच्या वेळी त्याच्या बाजूनं उभं राहायला कुणी उरत नाही, म्हणून वेळेवर त्याचं नाव घ्यावं, मग कुणी कितीही रागावो.