कपाटातला मुखवटा जेवतो

फार फार वर्षांपूर्वी, रोमन लोकांच्या घरांना मधोमध उघडं छप्पर असायचं आणि त्याखाली पावसाच्या पाण्याचं टाकं, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी जरा जास्तच ऐकावी.

एका गावात विबिया नावाची बाई राहायची. मनाने चांगली, पण शेजारी काय शिजलं हे कळल्याशिवाय तिला स्वतःचा घास गोड लागत नसे. एके सकाळी चौकातल्या कारंज्यावर दोघींना कुजबुजताना तिने ऐकलं.

"काल्वसच्या कपाटातला मुखवटा जेवतो म्हणे. आणि जेवून झालं ना, की मग तो..."

तेवढ्यात घागर भरली आणि बोलणारी बाई निघून गेली. विबियाला दिवसभर चैन पडलं नाही.

त्या काळी बड्या घरांत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे लाकडी कपाटात मांडत. मांडायचा तो मेलेल्याचाच, अशी रीत होती. काल्वस हा विबियाचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. त्याचे वडील कांदे विकता विकता गावाचे कारभारी झाले होते. म्हातारपणी भ्रमिष्ट झाले. पाहुण्यांनाच कांद्याचा भाव सांगत बसायचे. गेल्या हिवाळ्यात ते परगावी वारले, असं काल्वसने सांगितलं आणि त्यांचा मुखवटा दिवाणखान्यात मांडला. आता त्यालाही कारभारी व्हायचं होतं, आणि मुखवट्याने घराचं वजन वाढलं होतं.

तेव्हापासून दुपारी पडल्या पडल्या विबियाला भिंतीतून नखांनी खरवडल्याचा आवाज यायचा. उंदीर असतील, असं ती स्वतःला सांगायची. पण उंदीर कधी उसासे टाकत नाहीत.

पूर्वजांचा सण आला. काल्वसने भर दुपारी गाव जेवायला बोलावलं. जेवताना खाली सांडलेलं कुणी झाडत नव्हतं. सांडलेलं ते मेलेल्यांचं, असं ते लोक मानत.

"हे सांडलेलं तुमचे वडील वेचतात की काय?" एका पाहुण्याने भीत भीत विचारलं.

"वेचतील कशाला? त्यांचं ताट वेगळं असतं," काल्वस ऐटीत म्हणाला. त्याने भरलं ताट मुखवट्यापुढे ठेवलं आणि कपाटाचं दार लावलं.

मग आतून चावण्याचा आवाज आला. सावकाश, बोळक्या तोंडाने चावावं तसा.

आणि मग ठसका लागला. एक, दोन, आणि श्वास अडकल्याची बारीक शिट्टी.

"काल्वसभाऊ," विबिया म्हणाली, "मेलेल्याला ठसका लागतो का हो?"

"गप्प बसा, विबियाबाई. पूर्वज रागावतील."

त्याचं तोंड मेणासारखं पांढरं पडलं होतं. पण तो जागचा हलला नाही. उठून दार उघडावं, तर कारभार हातचा जाणार होता.

आतली शिट्टी बारीक बारीक होत चालली. विबियाने जाऊन दार उघडलं. मुखवटा बाजूला केला. मागची फळी नव्हतीच. तिथून एक वाळका हात चाचपडत होता. तिने तो धरला, कपाटामागच्या कोठीच्या अंधारातून म्हाताऱ्याला ओढून बाहेर काढलं, पाठीत गुद्दे घातले, टाक्यातलं पाणी ओंजळीने पाजलं. घास सुटला.

म्हातारा मुखवट्याकडे बघत राहिला.

"बाई, हा कोण गं? सगळे ह्याच्याच पाया पडतात. मी रोज आतून ऐकतो."



विबियाने त्याला आपल्या घरी नेलं. काल्वसला कारभार मिळाला नाही, आणि पुढे तो वारला तेव्हा त्याचा चेहरा मेणात उतरवायला कुणी आलं नाही.

कारंज्यावरची ती बाई मात्र सणाच्या दुसऱ्याच दिवशी भेटली होती.

"म्हणजे सगळं खोटंच की," ती हिरमुसून म्हणाली. "मुखवटा जेवत नाही, आणि रडत तर त्याहून नाही."

"रडत?"

"जेवून झालं की रडतो, असं म्हणत होते ना मी."

विबिया घागर उचलून घरी गेली. आदल्या दिवशी मुखवटा बाजूला करताना तिची बोटं ओली झाली होती. त्या कपाटात ना मेण वितळवणारा दिवा होता, ना पाणी.

तात्पर्य: जितं माणूस कोंडून त्याच्या नावाने केलेली पूजा कुणालाच पोचत नाही.