पाण्यातला विस्तव

डोंगरावर, कडाक्याच्या थंडीत, उघड्या आभाळाखाली गरम पाण्यात डुंबायची हुक्की राजा भुजंगरावांना आली. शेजारच्या राजाकडे गरम पाण्याचं कुंड होतं ना, मग यांना झोप कशी लागणार! गुणाजी सुताराने सुरेख सागवानी हौद बांधला. महाराजांनी स्वतःची अक्कल चालवून हौदाखाली जाळ करायला लावला. लाकडाखाली जाळ! बूड जळालं, पाणी भसाभसा वाहून गेलं. दोष अर्थातच सुताराचा. राजे कधी चुकतात का?

"दुसरा हौद बांध!" महाराज गरजले. "विस्तव हौदाच्या खाली नको, बाजूला नको, वर टांगलेला नको. बाहेर तापवलेलं पाणी ओतायचं नाही, तसं तर आमच्या म्हशीही न्हातात! नाही जमलं तर तुझे हात कलम!"

गुणाजीच्या तोंडचं पाणी पळालं. त्याची लेक चिमा पुढे झाली. हात धोक्यात होते बापाचे, पण तिची जीभ शाबूत होती.

"महाराज, मग विस्तव पाण्यातच ठेवते."

दरबार खो खो हसला. दिवाण नारोपंतांना तर ठसका लागला. "पाण्यात विस्तव! वा गं शहाणे!"

हसणाऱ्या प्रत्येकाच्या घरी न्हाणीघरात बंब होता. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी. पण तो पेटवायचे नोकर, मंडळींना काय माहीत!

गुणाजीने दुसरा हौद बांधला. चिमाने तांबटाकडून बंद बुडाचं उंच पिंप करून घेतलं, हौदात उभं केलं आणि तरंगू नये म्हणून त्याच्या तळाशी धोंडे घातले. तोंड पाण्याच्या वर, आत धडधडता जाळ. महाराजांना चटका बसू नये म्हणून मध्ये फळ्यांचा आडोसाही लावला.

पंचा नेसून महाराज हौदात उतरले. "आहाहा!" गळ्यापर्यंत बुडाले, डोळे मिटले. पण हार मानतील तर ते भुजंगराव कसले!

"फसवलंस पोरी! विस्तव पाण्यात कुठाय? तो तर तांब्याच्या पिंपात आहे! पकडा तिच्या बापाला!"

शिपायांनी गुणाजीचे दंड धरले. चिमाने हात जोडले.

"महाराज, आपण आत्ता कुठे बसलात? पाण्यात की पंच्यात?"

"पाण्यात! हा काय प्रश्न झाला?"

"मग विस्तवही पाण्यातच बसलाय, सरकार. चारचौघांत उघडं कसं बसायचं, म्हणून बिचाऱ्याने तांब्याचा पंचा नेसलाय!"

मग महाराज असे हसले, की अर्धा हौद नारोपंतांच्या अंगावर सांडला!

"सोडा रे त्याला! आणि त्या दोन्ही हातांत सोन्याची कडी चढवा!"

चिमाला मिळालं सागाचं अख्खं रान.