साळिंदर गुरुजींची दुर्बीण

फार वर्षांपूर्वी करवंदीच्या जाळीत साळिंदर गुरुजींची शाळा भरायची. एकदा शाळेला दुर्बीण मिळाली. "मोडून ठेवाल," म्हणत गुरुजी ती कुणालाच हात लावू देत नसत. रोज स्वतःच डोळा लावून सांगायचे, "समोरच्या डोंगरावर धुकं आहे. लिहून घ्या."

सगळे मुकाट्याने लिहून घेत. एका दुपारी मात्र झिपरी खार उठली. "गुरुजी, एवढ्या उन्हात धुकं कसं? मी बघू?"

गुरुजींनी दुर्बीण छातीशी घट्ट धरली. मग मान खाली घालून म्हणाले, "खरं सांगू? ही कशी वापरायची ते मलाच ठाऊक नाही. मला सगळं धूसरच दिसतं."

त्यांनी दुर्बीण पुढे केली. झिपरी हळूच पुढे आली. सशाने दुर्बिणीला खालून आधार दिला, तिने नळी जराशी आत सरकवली, पुन्हा थोडी बाहेर ओढली आणि ओरडली, "जांभळं! डोंगरभर जांभळं लगडलीत!"

मग एकेकाने पाहिलं. गुरुजींचा नंबर शेवटी आला. "अरे वा! ते पांढरं काय? आणि त्याच्या पलीकडे?" त्यांचे प्रश्न थांबेचनात.

"गुरुजी," झिपरी हसून म्हणाली, "आधी हात वर करा."

गुरुजींनी दोन्ही हात वर केले.