डिकीचं तोंड

आधी शेवट सांगून दाखवा, मंगच पुढं ऐका. गोष्ट हाय गाडीतल्या बेसच्या पेटीची. तुमी म्हनाल, पेटी फुटली. न्हाई फुटली. म्हनाल, गाडी उलटली. गाडी अजून चालतीय. बसा डोकं खाजवत, तवर गोष्ट पुढं जाऊ द्या.

एका गावात एक सुतार व्हता, तातोबा नावाचा. हात असा साफ, की त्याच्या पाटावर पानी ओतलं तर कुठल्या अंगाला वाहावं ते पान्यालाच कळायचं न्हाई. पन मानसात एक खोट व्हती. 'चुकलं' ह्यो शबुद त्याच्या तोंडातनं कधी निघाला न्हाई. चहात मीठ पडलं तर डबा चुकायचा. चप्पल हरवली तर देऊळ चुकायचं.

त्याच गावात बजरंगची पांढरी गाडी व्हती, नवरदेव मिरवायची. गाडी चकचकीत, पन आवाजात दम न्हाई. वरातीतली पोरं नाकं मुरडायची. मंग बजरंगनं तालुक्याहून परातीएवढा स्पीकर आनला आन् तातोबाच्या अंगनात ठेवला.

"मामा, ह्याला पेटी करा. डिकीत बसंल अशी. रविवारी सांजच्याला वरात हाय."

"शनवारी सकाळी ने," तातोबा म्हनला.

तातोबानं डिकीत डोकं घातलं. लांबी घेतली, उंची घेतली, खोली घेतली. जाड प्लायवूड कापलं. सांध्यासांध्याला डिंक, वीतवीतभर अंतरावर स्क्रू. बेसची पेटी म्हंजे कोंडलेली हवा. हवा सुटली की आवाज बसला. म्हनून त्यानं कोपऱ्यात भुसा आन् डिंक ठासला. स्पीकर बसवला, उदबत्ती लावली आन् सांध्याजवळ धरली. स्पीकरचा पडदा बोटानं दाबला तरी धूर सरळ वर. तातोबा गालात हसला. वरनं काळं मखमली कापड चढवलं. पेटी अशी देखनी झाली, की शेजारनीनं इचारलं, देव ठेवायची हाय का.

शनवारी सकाळी चौघांनी पेटी उचलली आन् डिकीपाशी नेली.

जाईना.

आडवी धरली, जाईना. उभी धरली, जाईना. तिरकी करून बघितली, नुसता एक कोपरा आत जाऊन बसला, पाव्हन्यासारखा.

तातोबाला एका नजरंत कळलं. डिकी आतनं ऐसपैस, पन तोंड बारकं. त्यानं पोट मापलं व्हतं. तोंड मापायचं राहिलं व्हतं. सगळी आळी त्याच्याकडं बघत व्हती. 'चुकलं' ह्यो शबुद छातीतनं निघाला, गळ्यात आला, पार दातापाशी येऊन थांबला.

त्याची बायको सगुना उंबऱ्यात उभी व्हती. ती म्हनली, "अवो, मधनं कापा की. दोन तुकडं आत न्या आन् आतच जोडा."

बजरंग म्हनला, "व्हय मामा. वरात उद्या सांजची हाय. म्या थांबतो."

बघा, कुनी रागावलं न्हाई. येळ व्हता, लाकूड व्हतं, डिंक व्हता. एक शबुद तेवढा पायजे व्हता.

तातोबानं तो गिळला.

"पेटी बरोबर हाय," तो म्हनला. "डिकीचं तोंड चुकलंय."

"गाडी कारखान्यातनं आलीया, मामा."

"मंग कारखाना चुकला. पेटी कापली तर हवा सुटंल, तुझा आवाज जाईल. पत्र्याचं काय, कापला आन् जोडला."

बजरंगनं गाडीची किल्ली काढून दिली. मामांचं काम आजवर कधी फसलेलं त्यानं बघितलं नव्हतं. वेल्डिंगवाला आला. डिकीचा खालचा ओठ मशीननं कापला. पेटी आत गेली, अशी चपखल, की मधी नख शिरंना. मंग ओठ परत जोडला, वर रंग मारला.

"बघ," तातोबा म्हनला.

बजरंगनं बघितलं. डिकीचं झाकन पयल्यासारखं बसत नव्हतं. बोटभर उठून ऱ्हात व्हतं. त्यानं ते सुतळीनं बांधलं आन् गाडी नेली.

रविवारी वरात निघाली. बेस वाजला, झकास वाजला. पन एक धडाड झालं की झाकन दोनदा खडखडायचं. धडाड, खडखड. धडाड, खडखड. नवरदेवाच्या मामानं खिडकीत वाकून इचारलं, "बजरंगराव, रुखवताची भांडी डिकीत टाकलीत काय?"

बजरंगनं आवाज बंद केला. सोमवारी पेटी काढायला गेला, तर पेटी निघंना. तोंड पुन्यांदा जोडलेलं, आन् परत पत्रा कापायला त्याचा जीव धजंना. आता डिकीत पेटी आन् बॅगा बसनाऱ्याच्या मांडीवर. सुतळीनं बांधलेली डिकी बघून लग्नवाल्यांनी दुसरी गाडी धरली. बजरंग एसटी स्टँडावर पाशिंजर भरायला लागला.

त्यानं तातोबाला एक शिवी दिली न्हाई. कुनी इचारलं तर झाकन उघडायचा आन् गोडीत सांगायचा, "तातोबामामांची पेटी हाय. एक नंबर. माझी डिकीच चुकली."

एवढंच सांगायचा. पन स्टँडावर पाच गावची मानसं उतरतात. ऐकनारा हसायचा आन् घरी जाऊन दुसऱ्याला सांगायचा. हळूहळू तातोबाच्या अंगनातली करवत गप झाली. ज्याला चौकट पायजे, तो शेजारच्या गावच्या बाळनाक सुताराकडं जायला लागला.

पावसाळ्यात तातोबाच्याच सैपाकघराचं दार कुजलं. तातोबानं मापाची पट्टी उचलली. सगुनानं ती त्याच्या हातातनं काढून घेतली.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हनली. "दार बसलं न्हाई, तर भिंत चुकली म्हनाल. घर एकच हाय आपल्याला."

बाळनाक आला. नवी चौकट घेऊन आला. लावायला गेला तर बोटभर जास्त. त्यानं डोक्याला हात लावला, म्हनला, "चुकलं की वैनी माझं." खाली बसला, रंधा चार डाव फिरवला, परत लावली. बसली. मंग चहा मागितला.

चौकट लावताना दुसऱ्या टोकाला एक मानूस लागतो, नुसतं धरून उभं ऱ्हायाला. आपल्याच घरात, दुसऱ्या सुताराची चौकट धरून, तातोबा उभा व्हता.

तात्पर्य: चूक झाली तर लाकूड कापून भागतं, पन ती कबूल केली न्हाई, तर आधी दुसऱ्याचं नुकसान व्हतं आन् मंग आपल्यावरचा इस्वास जातो.