वेलावरचं वाळकं पान

“पण उस्ताद, वाळकं पान भिंतीवर कुणाला हवं असतं?”

मधू भावसार घुश्शातच विचारत होता. गडी हुशार, पण दोन बंगल्यांचे वॉलपेपर छापून झाले आणि स्वारी जमिनीवर राहिना. मीही उस्तादांचाच शागीर्द, शेजारी रंग घोटत बसलो होतो.

इलाहीबक्ष उस्ताद फकिरांच्या जुन्या तकियातल्या ओट्यावर बसून लाकडी ठसे कोरायचे. जाईच्या वेलाचा एक ठसा त्यांच्याकडे गोऱ्या साहेबाच्या काळापासून होता. त्यात पानं, कळ्या, फुलं आणि खाली एक वाळकं पान. मधूनं त्यावरून नवा ठसा कोरला आणि तेवढं पान गाळलं.

“कुणाच्या खोलीत लावलास तो कागद?”

“आईच्या. अंथरुणाला खिळली होती. म्हटलं, शेवटचे दिवस हिरवं बघू दे.”

“मग?”

मधूचा आवाज उतरला.

“डॉक्टर म्हणाले होते, फार तर दोन दिवस. आज चाळीसावा आहे...”

“खाते काय?”

“काही नाही. पाणीसुद्धा घशाखाली उतरत नाही. पहिल्याच दिवशी तोंडात तुळशीचं पान ठेवलं होतं, उस्ताद. अजून तस्सं आहे. हिरवंगार.”

माझा हात खलातच थांबला.

“बोलते?”

“एकच बोलते. भिंतीवरून बोट फिरवते आणि विचारते, मधू, बाहेर जायची वाट कुठं आहे रे?”

“तुला हे कधी कळलं?”

“चौथ्या दिवशी.”

“आणि कागद काढला नाहीस.”

मधूनं मान खाली घातली.

“बरं वाटत होतं मला. घरी गेलो की आई दिसायची... आता तिच्या डोळ्यांत बघवत नाही. काल फाडायला घेतला कागद. खाली चुन्यावरही तोच वेल आहे.”



मग उस्तादांनी शिसवाचा एक तुकडा उचलला, पटाशी घेतली. पान कोरलं. कडा मुडपलेलं, मधे किड्यानं खाल्लेलं. फुंकर मारून भुसा उडवला आणि तो ठसा मधूच्या तळहातावर ठेवला.

“उशाजवळ, वेलाच्या टोकाला. एकदाच उमटव.”

मधूला मूठ मिटवेना.

“म्हणजे मी... माझ्याच हातानं आईला...”

उस्ताद पटाशी पुसत राहिले.

“तिच्यामागं माझं कोणी नाही, उस्ताद.”

“माहीत आहे.”

“तुम्ही चला ना. तुम्ही उमटवा.”

“वेल कुणी कोरला?”

मधू उठला. कुठली चप्पल कुठल्या पायात घालतोय, हेही त्याला कळत नव्हतं. फाटकापर्यंत गेला असेल नसेल, तोच उस्तादांनी मागून हाक मारली.

“वाटेत रडून घे, मधू. ठसा मारताना हात हलता कामा नये.”