आपोआप गेलेले फोटो

एकदा एक वृद्धा आपल्या शिष्येला चौथ्यांदा सांगत होती की हे आपण केलेले नाही, फोनने केले आहे. आणि शिष्या चौथ्यांदा विचारत होती, "फोन कुणाचा?"

वृद्धा शाळेचे तोंड न पाहता शिकलेली होती. अशा माणसांना आपल्या ज्ञानाचा अभिमान असतो, आणि तो असावाच. त्यांना कुणी ताटात वाढून दिलेले नसते. फोनही ती स्वतःच शिकली. आळीतल्या पदवीधर सुना सेटिंग बिघडले की तिच्याच दारात येत.

शिष्या पन्नाशीची, गावच्या महिला मंडळाची अकरा वर्षे अध्यक्षा. तिला वाचता येत नाही, हे एकट्या वृद्धेला ठाऊक होते. सभेत कागद समोर आला की अध्यक्षांचा चष्मा नेमका घरी राहिलेला असे, मग चिटणीस मोठ्याने वाचून दाखवी. तीन आठवड्यांपूर्वी ती वृद्धेकडे आली, दार लावून घेतले आणि म्हणाली, मला शिकवा. वृद्धेला इतका आनंद झाला की तिने जवळजवळ रोज एकेक फोटो काढला. पाटीवर वाकलेली अध्यक्षा, जीभ दातांत धरून 'क' गिरवणारी अध्यक्षा. आठवणीसाठी काढते, असे ती म्हणाली होती आणि ते खरेच होते.

मात्र मंडळाच्या कार्यक्रमांचा एक सामायिक अल्बम होता, चौतीस बायकांचा. दर वेळी फोटो निवडत बसायला नको म्हणून वृद्धेने वर्षापूर्वीच फोनमध्ये सोय करून ठेवली होती, की अध्यक्षांचा चेहरा दिसला की तो फोटो आपोआप अल्बमात जावा. डेटा जळू नये म्हणून फोटो फक्त वायफायवरच चढावेत, हीसुद्धा तिचीच सोय. त्यामुळे तीन आठवडे फोटो फोनमध्ये निमूट बसून राहिले. काल ती वर्तमानपत्र वाचायला वाचनालयात गेली, तिथले वायफाय लागले, आणि एकोणीसच्या एकोणीस फोटो चौतीस घरांत पोहोचले.

"हसल्या असत्या तर भांडले असते, जिजी," शिष्या म्हणाली. "फोटोंखाली टाळ्यांची चित्रं टाकलीत सगळ्यांनी. पोर पहिलं पाऊल टाकतं तेव्हा टाळ्या वाजवतात ना, तशा."

वृद्धा म्हणाली, शिकण्यात लाज कसली. त्यावर शिष्येने विचारले, मग तुम्ही रोज दाराला कडी कशाला घालत होतात. वृद्धा म्हणाली, फोटो सकाळीच काढून टाकलेत. शिष्या म्हणाली, अल्बमातून काढलेत, बायकांच्या डोळ्यांतून कसे काढणार. तिने अंकलिपी टेबलावर ठेवली. उद्यापासून ती येणार नव्हती, आणि मंडळाचा राजीनामाही देणार होती. तेवढा तरी कुणाकडून लिहून घेता येईल, असे तिने वर ऐकवले.

वृद्धेला ते लागले. पण शहाण्या माणसाची चूक झाली की त्याचे बोट आधी यंत्राकडे जाते, कारण यंत्र उलट उत्तर देत नाही. तिने फोन हातात घेतला, ती आपोआप पाठवायची सोय बंद केली आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून चालू करायला घेतली.

शिष्या दचकली. "परत लावताय की काय?"

"लावत नाही. बघ तू. यात माझा हात कुठं लागतो ते बघ."

एक पडदा गेला, दुसरा गेला. तिसऱ्यावर वृद्धेचा अंगठा थांबला. तिने तो पडदा वाचला. तिने तो तसाच पुढे सरकवला असता तरी काही बिघडणार नव्हते; समोरच्या बाईला तो झरकन वाचता येत नव्हता, आणि हे वृद्धेइतके दुसरे कुणालाच ठाऊक नव्हते. पण तिने फोन शिष्येपुढे धरला आणि म्हणाली, "तू वाच."

शिष्या रागात होती, तरी बोट पडद्याखाली ठेवून वाचू लागली. "या..." पुढचे जोडाक्षर तिने अजून गिरवले नव्हते. "व्यक्ती," वृद्धेने हलकेच सांगितले. "या व्यक्तीचे फो-टो... आ-पो-आ-प... शे-अ-र क-रा-य-चे का?" खाली एका छोट्या गोलात तिचा स्वतःचाच चेहरा होता, हळदीकुंकवाच्या दिवशीचा, नथ घातलेला. त्याच्या खाली दोन शब्द होते. तेही तिने वाचले, कुणी न सांगता. एक 'हो', एक 'नको'.

तिने मान वर केली. "हे तेव्हाही आलं होतं?"

वृद्धेने आयुष्यात पुष्कळांना उत्तरे दिली होती, आणि एकदाही मान खाली घालून दिली नव्हती. आता तिला शिष्येच्या तोंडाकडे पाहवेना. तिने 'नको'वर बोट ठेवले, फोन पालथा केला आणि टेबलाकडे बघत म्हणाली, "फोननं मला विचारलं होतं, कलावती, मी तुला विचारलं नाही."