सगुणीची आखणी

डोंगर जिथे गुडघे टेकून ओढ्याचं पाणी पितो, तिथे चितारआळी नावाची एक चिमुकली वाडी होती. वाडीत लाकडाची खेळणी बनत. लाल चाकांचे घोडे, हिरवेगार पोपट, पिवळ्याधमक भिंगऱ्या! आणि सगळ्यांत लाडकी म्हणजे ठकी. ठकी म्हणजे लाकडाची बाहुली. गोल गोल डोकं, वीतभर अंग आणि नाकात टिंबाएवढी नथ.

या वाडीत सगुणी राहायची. दहा वर्षांची, काडीसारखी बारीक. घरात माणसं दोनच, ती आणि तिची आई. आईला सारखा दम लागायचा, म्हणून सगुणी भिकोबा मेस्त्रींच्या कारखान्यात कामाला जायची. काम काय, तर वाळलेलं केवड्याचं पान घ्यायचं आणि रंगवलेली ठकी चकाकेपर्यंत घासत बसायचं. सकाळी घासायचं, दुपारी घासायचं. केवड्याच्या पानाला कडेने बारीक काटे असतात. संध्याकाळी भाकरीबरोबर ठेचा खायला बसली, की तो जिभेच्या आधी तिच्या बोटांना झोंबायचा.

पण सगुणीला घासायचं नव्हतंच मुळी. तिला आखणी करायची होती!

आखणी म्हणजे ठकीचे डोळे काढणं. ते सगळ्यांत शेवटी काढायचे, आणि ते फक्त मेस्त्रींनी. खारीच्या केसांचा बारीक कुंचला काजळीत बुडवून मेस्त्री झरझर दोन कमानी ओढत, की झाले डोळे. त्यामुळे चितारआळीतली प्रत्येक ठकी मान खाली घालून आपल्या पायांकडे बघत असे.

"मेस्त्री, सगळ्या ठक्या खालीच का बघतात?" एकदा सगुणीने विचारलं.

"ठकीनं खालीच बघायचं असतं."

"का? खाली काय ठेवलंय?"

सगळा कारखाना फिसकन हसला. मेस्त्री तेवढे हसले नाहीत. उंबऱ्यावर त्यांची नात गोदी बसली होती, तीही हसली नाही. गोदीचा एक डोळा जरासा नाकाकडे वळलेला होता, आणि चारचौघांत मान वर करायची नाही, असं आजोबांनीच तिला सांगून ठेवलं होतं.

मग एक दिवस सगुणीने कोपऱ्यात पडलेलं एक वाया गेलेलं ढलपं उचललं. कोरलं, रंगवलं, घासलं आणि त्या इवल्याशा ठकीला टपोरे डोळे काढले. सरळ समोर बघणारे! ठकीने सगुणीकडे बघितलं, सगुणीने ठकीकडे बघितलं, आणि दोघी एकमेकींना फार आवडल्या.

मेस्त्रींनी ती ठकी उचलली, ओलं फडकं घेतलं आणि एका फटक्यात डोळे पुसून टाकले. "या आळीत डोळे मी काढतो," ते म्हणाले.

"मग मी आळीबाहेर काढीन!" सगुणी बोलून गेली. शब्द बाहेर पडला होता, आणि तो परत गिळायचा तिचा मुळीच विचार नव्हता.

मेस्त्री लालेलाल झाले. "असं? मग पुनवेच्या जत्रेत मांड तुझं दुकान. दिवस मावळायच्या आत एकूण एक ठकी गेली, तर हा माझा कुंचला तुझा. पण एक जरी उरली, तर जन्मभर इथे बसून पान घासायचं. आणि पुन्हा कधी 'का' विचारायचं नाही!"

"कबूल," सगुणी म्हणाली.

घरी आईने सगळं ऐकून घेतलं. मग तिने हळदीचा डबा, गेरूचा खडा आणि काजळाची डबी पोरीच्या ओच्यात घातली. "पैज घेतलीस ना? मग आता मागे फिरायचं नाही," ती म्हणाली.

ओढ्यापलीकडे एक जुना पांगारा होता. फाल्गुनात त्याची पानं झडून गेली होती आणि सगळं झाड लाल लाल फुलांनी पेटलं होतं. साळुंक्या मध पीत होत्या, इवले इवले शिंजीर पक्षी फांद्याफांद्यांवर झुलत होते. डोळे पुसलेली ठकी छातीशी धरून सगुणी बुंध्याशी बसली. रडावं म्हणून आली होती, पण रडूच येईना, नुसता राग येत होता.

"किती फुललंय गं झाड?" कुणीतरी विचारलं.

सगुणीने मान वळवली. फांदीवर एक परी बसली होती. बोटभर उंच! लाल पाकळ्यांचा घेरदार परकर, पोलक्याला काट्यांच्या गुंड्या, आणि पाठीवर दवासारखे झिलमिलणारे पंख. पण तिची मान खाली होती आणि पापण्या मिटल्यासारख्या झुकलेल्या होत्या.

"खूप फुललंय. तूच वर बघ की," सगुणी म्हणाली.

"बघता येत नाही. तुमच्या आळीतल्या सगळ्या ठक्या माझ्याच, या पांगाऱ्याच्या लाकडाच्या. शंभर वर्षं त्या खाली बघतायत. त्यांच्याबरोबर माझ्याही पापण्या जड होत गेल्या, आता उचलतच नाहीत."

सगुणीचा जीव कळवळला. आपलं दुःख बाजूला ठेवून ती फुलांबद्दल सांगत बसली. कुठलं फूल शेंदरी आहे, कुठलं कुंकवासारखं, आणि कुठल्या फुलात साळुंकीने चोच खुपसली आहे. परी मान खाली घालून ऐकत राहिली.

सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. माग, दोन इच्छा देते."

"गोष्टीतल्या पऱ्या तीन देतात."

"मग त्यांच्याकडे जा." परी काट्यांच्या झाडाची होती, तेव्हा जराशी टोचायचीच. "आणि नियम ऐक. जे काम मी करून देईन, ते तुझा हात विसरेल. कायमचं. आणि आपलं काम लोकांना आवडावं, हे मागायचं नाही. ते माझ्या हातात नाही."

पांगाऱ्याने आपल्या वाळक्या फांद्या खाली टाकल्या आणि सगुणी कामाला लागली. कोरून कोरून वीस ठक्या झाल्या. हळदीचा पिवळा, गेरूचा तांबडा, काजळाचा काळा. रंगवून झाल्यावर तिने केवड्याचं पान हातात घेतलं मात्र, सोललेली बोटं अशी ठणकली की ती ओरडलीच, "परी, एवढं घासून दे! आणि हे काम माझा हात खुशाल विसरू दे!"

झुळकन एक झुळूक आली आणि वीसच्या वीस ठक्या लखलखल्या. सगुणी आनंदाने नाचली. पण दोन दिवसांनी आणखी ठक्या तयार झाल्या, आणि तिने पान उचललं, तर हाताला काही केल्या ते धरताच येईना. उलटंच फिरे. रंगावर ओरखडे उठले. चार वर्षं जे काम ती डोळे मिटून करत होती, ते आता तिचं राहिलं नव्हतं. एवढा राग राग केला त्या पानाचा, पण आता तिला चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं.

मग ती येसूकडे गेली. येसू कारखान्यात तिच्याच शेजारी घासायला बसायची. "येसू, मला तुझी गरज आहे," सगुणी म्हणाली. तेवढंच म्हटलं, आणि येसू आपल्या दोन धाकट्या बहिणींना घेऊन ओढा ओलांडून आली. चौघींचा कारखाना पांगाऱ्याखाली सुरू झाला.

आता सगुणी झाली की हो मालकीण! "असं नाही, तसं. तिथे नाही, इथे. हळू! नीट!" दिवसभर तिचं तोंड चालू. आणि जत्रेच्या आदल्या सकाळी, येसूने गंमत म्हणून एका ठकीच्या चेहऱ्याजवळ कुंचला नेला, तशी सगुणी कडाडली, "डोळ्यांना हात लावायचा नाही! इथे डोळे मी काढते!"

येसूने कुंचला खाली ठेवला. मग तिने मान खाली घातली आणि पान घासायला लागली. दोघी बहिणींनीही माना खाली घातल्या.

सगुणी एकटीच डोळे काढत बसली. पण ते वाक्य तिच्या कानातून जाईना. कुठेतरी ऐकलं होतं ते. कुणाचं होतं ते?

दुपार झाली तरी तीस ठक्यांचे चेहरे कोरेच होते. फांदीवरून परी हळूच म्हणाली, "दुसरी इच्छा आहे तुझ्याकडे. म्हणालीस तर एका श्वासात तीसही आखण्या करते. पैज जिंकशील."

"आणि माझा हात डोळे काढायला विसरेल."

"हो."

"मग जिंकलेला कुंचला कुणी धरायचा?" सगुणी फणकाऱ्याने म्हणाली. "नको मला. हरले तरी चालेल, पण माझे डोळे माझ्याच हाताने निघतील!" आणि बोलता बोलता तिची नजर खाली बसलेल्या तिघींकडे गेली. तीन वाकलेल्या माना. अगदी मेस्त्रींच्या ठक्या! तिला एकदम कळलं ते वाक्य कुणाचं होतं. तिच्या तोंडून मेस्त्री बोलले होते. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की कान गरम झाले.

ती उठून येसूसमोर बसली. "चुकलं माझं," म्हणाली, आणि कुंचला येसूच्या हातात दिला. "काढ."

"बिघडले तर?"

"वेगळे होतील. काढ तू."

मग काय विचारता! सगुणीने बोट धरून शिकवलं, आणि चौघीजणी आखणीला बसल्या. येसूच्या ठक्या मिश्कील झाल्या. मधलीच्या ठक्यांचे डोळे आश्चर्याने गोल गोल. धाकटीचा हात जरा हलला आणि एका ठकीचा एक डोळा नाकाकडे वळला. "अगं, तिरळी झाली! पूस लवकर!" येसू म्हणाली.

"काही पुसायचं नाही," सगुणी म्हणाली. "आपल्या कारखान्यात डोळे पुसायची वेळ यायची नाही!" आणि स्वतःच्याच बोलण्यातली गंमत कळून ती हसली, तशा सगळ्याच खो खो हसत सुटल्या.

जत्रा भरली. पिपाण्या वाजत होत्या, पाळणे गरगरत होते. फडक्यावर मांडलेल्या सगळ्या ठक्या येणाऱ्याजाणाऱ्यांच्या थेट डोळ्यांत बघत होत्या. "अगोबाई, ही तर माझ्याकडेच बघतेय!" एक म्हातारी खुदकन हसली आणि तिने ठकी उचलली. "डोळे वटारते की ही," एक बाप म्हणाला, पण त्याच्या लेकीने तोवर ठकी अशी घट्ट धरली होती की सुटेना. एकेक करत ठक्या गेल्या. आणि सूर्य डोंगराला टेकला तेव्हा फडक्यावर एकच उरली. ती तिरळी!

भिकोबा मेस्त्री सावकाश चालत आले. मागे मान खाली घातलेली गोदी.

"उरली ना?" मेस्त्री म्हणाले. "हिला कोण घेणार? असले डोळे लपवायचे असतात."

जन्मभराचं केवड्याचं पान सगुणीला समोर दिसू लागलं. तरी तिने नजर खाली केली नाही. "लपवणार नाही," ती म्हणाली. "हरले तरी नाही. ही अशीच सुंदर आहे."

तेवढ्यात गोदी वाकली आणि तिने ती ठकी उचलली. खूप वेळ बघितली. मग तिने चेहरा वर केला, सगळ्या जत्रेसमोर. "आजोबा, ही माझी."

"गोदे, मान खाली!"

"का?" गोदीने विचारलं.

शंभर वर्षांच्या त्या रीतीला एक साधं उत्तर सापडेना. मेस्त्रींच्या पाठीमागे सूर्य डोंगराआड गेला आणि फडकं रिकामं होतं.

मेस्त्रींनी कुंचला पुढे केला. सगुणीने तो घेतला आणि तसाच गोदीच्या हातात ठेवला. "उद्या सकाळी पांगाऱ्याखाली ये. डोळे काढायला शिकवते." मग मेस्त्रींकडे वळून म्हणाली, "तुम्हीही या, मेस्त्री. आम्हाला पान घासायला माणूस हवंय. मला ते आता येत नाही."

तिथून ती पळत सुटली ती थेट पांगाऱ्याकडे. आभाळात अजून केशर सांडलेलं होतं.

"परी! माझी दुसरी इच्छा! तू वर बघ!"

परी दचकली. "वेडी आहेस का? खाली बघणाऱ्या डोळ्यांनीच या पापण्या जड केल्यात. त्या मी उचलल्या, तर तसे डोळे काढायला तुझा हात कायमचा विसरेल. कुणी तशी ठकी मागितली तर?"

"विसरू दे!" सगुणी ओरडली. "तेवढं तर विसरायलाच हवं!"

आणि परीच्या पापण्या हलल्या. हळूहळू, हळूहळू त्या उचलल्या. आतले डोळे कोवळ्या पानांसारखे हिरवे होते. त्या डोळ्यांनी परीने आधी सगुणीकडे बघितलं, मग वर बघितलं. लाल, शेंदरी, कुंकवासारखी फुलंच फुलं! "अय्या, एवढी?" ती म्हणाली आणि हसली. त्या हसण्याचा प्रकाश झाला, प्रकाशाची कारंजी झाली, सगळं झाड सोन्याने न्हालं, आणि परी त्या उजेडात विरघळून गेली. सगुणीच्या ओच्यात तेवढ्या मूठभर पाकळ्या पडल्या. त्यांचा रंग ज्या ठकीला लावला, त्या ठकीचा पुढे कधीच विटला नाही.

कारखाना वाढला. आईला पांगाऱ्याच्या सावलीत बसून नथी रंगवायचं सोपं काम मिळालं. मेस्त्री आले का? आले, आठ दिवस घरात घुसमटून आले, आणि गोदीशेजारी बसून पान घासायला लागले.

पुढे एकदा राजवाड्यातून निरोप आला, "शंभर ठक्या पाठवा. रीतीप्रमाणे खाली बघणाऱ्या." सगुणीने खरंच प्रयत्न केला हो! पण हात ऐकेल तर ना? राजाने पेटारा उघडला, तेव्हा शंभरच्या शंभर ठक्या त्याच्या डोळ्यांत डोळे घालून बघत होत्या. म्हणे आधी राजानेच नजर खाली केली.

ठकीची आखणी झाली, गोष्टीचीही झाली. आता ऐकणाऱ्यांनी मान वर करावी.